घाट उतरणारी एसटी

पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. पण एसटी बघावी ती घाटात! कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात पुढची सीट मिळाली, तर ड्रायव्हरचा डावा हात बघा. उतार लागण्याआधीच तो गिअर खाली टाकतो. इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर भार कमी येतो. ब्रेक सतत दाबून ठेवला, तर लायनर तापतात आणि ऐन वळणावर पकड सुटते. मधूनच येणारा ‘फुस्स’ आवाज एअर ब्रेकमधून सुटलेल्या हवेचा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. शेवटची सीट मात्र घाटात टाळाच. ती मागच्या चाकांच्याही पलीकडे असते, त्यामुळे हादरे तिथेच जास्त.