देवानेच ‘लढ’ म्हटलं, मग हिंसा बरोबर का?

गीतेची गोष्ट ऐकताना मुलं हमखास विचारतात, “कृष्णाने अर्जुनाला स्वतःच्या भावांशी लढायला सांगितलं. मग मारणं चांगलं असतं का?” मोठी माणसं बहुतेक वेळा “मोठा झालास की कळेल” म्हणून विषय बदलतात. खरं तर हा प्रश्न मोठ्यांनाही सुटलेला नाही.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. नथुराम गोडसेने न्यायालयातल्या निवेदनात राम, कृष्ण आणि अर्जुनाचे दाखले दिले. आणि ज्यांच्यावर त्याने गोळ्या झाडल्या, त्या गांधीजींच्या रोजच्या प्रार्थनेत गीतेचेच श्लोक असत!

ग्रंथ एक, वाचणारे तीन

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिलं. ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झालं. गीता संसार सोडायला नाही, तर निष्काम कर्म करायला शिकवते, असं त्यांनी मांडलं.

गांधीजींना कुरुक्षेत्र माणसाच्या मनातच दिसलं. त्यांच्या मते ही लढाई आपल्यातल्या चांगल्या-वाईट वृत्तींची होती.

विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. विनोबा म्हणतात, अर्जुनाला अचानक अहिंसा पटली नव्हती. समोर आपली माणसं दिसली म्हणून तो डगमगला. शेकडो गुन्हेगारांना फाशी देणाऱ्या न्यायाधीशापुढे त्याचाच मुलगा उभा राहिला, की त्याला फाशी अमानुष वाटू लागते, तसंच हे.

पुढची पानंही वाचायला हवीत

तरीही प्रश्न उरतोच. गीतेत ‘युद्ध कर’ असं स्पष्ट सांगितलं आहे, हे नाकारता येत नाही. पण गीता ज्या महाभारतात आहे, ते युद्ध जिंकल्यावर संपत नाही. १८ दिवसांनंतर स्त्रीपर्वात रणांगणभर बायकांचा आक्रोश आहे. शंभर मुलं गमावलेली गांधारी खुद्द कृष्णाला शाप देते. शांतिपर्वात जिंकलेल्या युधिष्ठिराला राज्यच नकोसं होतं. देव बाजूने असूनही व्यासांनी हा हिशेब झाकून ठेवलेला नाही.

हिंसेसाठी दाखला शोधणारा माणूस नेमकी हीच पानं सोडून देतो. त्याला हवी तेवढी एक ओळ तो उचलतो आणि जबाबदारी देवावर टाकतो.

मुलांना काय सांगाल?

विषय बदलू नका. गोष्ट गांधारीपर्यंत सांगा. मग मुलांनाच विचारा, “जिंकून पांडवांना काय मिळालं?”

कुणी धर्माचं नाव घेऊन दुसऱ्याला मारण्याची भाषा करू लागलं, तर एक गोष्ट तपासायला मुलांना शिकवा. या अर्थासाठी त्रास कोणाला सोसावा लागतो? टिळक आणि विनोबा गीतेचा अर्थ लावताना स्वतः तुरुंगात होते. स्वतःला काहीच झीज न लागता दुसऱ्याचा जीव मागणाऱ्या अर्थावर मात्र जरूर शंका घ्यावी. अर्थ आपण लावला असेल, तर त्याचा जाबही आपणच द्यायचा असतो.