इंजिनाच्या दप्तरातील फेरफार

मोटारीचे अंतरंग : लेखांक सातवा

गेल्या लेखांकात टर्बोचार्जरची रचना पाहताना एक प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला होता. निकासाच्या तप्त वायूवर फिरणारे ते चिमुकले चक्र किती हवा दाबून आत लोटील, त्या हवेला किती इंधन द्यावयाचे आणि ते नेमके कोणत्या क्षणी द्यावयाचे, याचा हुकूम कोण सोडतो? कार्ब्युरेटरच्या जमान्यात हा कारभार एक जेट, एक स्प्रिंग आणि मिस्त्रीचा कान यांच्या स्वाधीन असे. आज तो एका चपट्या, सीलबंद पेटीतील संगणकाकडे आहे, ज्याला गॅरेजात ‘ईसीयू’ किंवा ‘ईसीएम’ म्हणतात. आणि ज्या अर्थी हे हुकूम लिहून ठेवलेले आहेत, त्या अर्थी ते बदलून लिहिताही येतात, या साध्या अनुमानातून ‘रिमॅप’ नावाचा एक धंदा उभा राहिला आहे, जो पुण्या-मुंबईत आणि हैदराबादेत बऱ्यापैकी जम बसवून आहे आणि ज्याची कुणकुण आता आमच्या भोकरसारख्या तालुक्याच्या गावीही लागली आहे.

आमच्या बाजूला लहान टर्बो गाडी म्हटली की डोळ्यांसमोर येते ती डिझेलवरची स्विफ्ट किंवा डिझायर. २००७ साली स्विफ्टला बसविलेले हे १२४८ घन सेंटिमीटरचे इंजिन मूळ फियाटचे. ४००० फेऱ्यांना ७५ अश्वशक्ती आणि २००० फेऱ्यांना १९० न्यूटन-मीटर पीळ, ही त्याची कागदोपत्री ताकद. मारुतीसाठी ते मानेसरला बने, तर शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या टाटा-फियाट कारखान्यात त्याचीच भावंडे तयार होऊन पुंटोत आणि इंडिका व्हिस्टात बसत. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले तेव्हा या इंजिनाची नवी विक्री संपुष्टात आली. जुन्या गाड्या मात्र अजून निमूटपणे राबत आहेत. आता याच इंजिनाने अर्टिगात आणि ब्रेझात ९० अश्वशक्ती आणि २०० न्यूटन-मीटर दिले, हे ज्याच्या कानावर गेलेले असते त्याच्या मनात साहजिकच संशय येतो, की कंपनीने आपले पंधरा घोडे दाबून ठेवले की काय. संशय अर्धाच खरा आहे. नव्वदच्या इंजिनाला पात्यांचा कोन बदलणारा निराळा टर्बो होता. केवळ आकडे बदलून एक इंजिन दुसरे होत नाही. तरीही आकड्यांच्या हाती बरेच काही असते, आणि ते किती असते हे समजण्यासाठी एकाच प्रसंगाकडे जरा जवळून पाहावे लागेल.

कल्याणवरून येऊन परभणी, नांदेड करीत भैसा-निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ भोकरवरून जातो. गळीत हंगामात त्यावर उसाने भरलेल्या जोडट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असतो, मागे आपली स्विफ्ट चौथ्या गिअरात, इंजिन चौदाशे फेऱ्यांवर. समोरचा रस्ता मोकळा दिसतो, आपण अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो, आणि एक-दोन सेकंद काहीच घडत नाही. मग एकाएकी मागून कोणी ढकलावे तशी गाडी उसळते. ‘गाडीला पिकअप नाही’ ही आमच्याकडची सार्वत्रिक तक्रार या दोन सेकंदांबद्दलची आहे.

त्या दोन सेकंदांत संगणक स्वस्थ बसलेला नसतो. त्याच्यापाशी, तहसीलच्या दप्तरात गावोगावच्या नोंदवह्या असाव्यात त्याप्रमाणे, शेकडो कोष्टके मांडून ठेवलेली असतात. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या ओळीत पायाखालच्या दाबाचे प्रमाण, आणि दोन्ही जेथे मिळतात त्या चौकटीत एक आकडा. या कोष्टकालाच ‘मॅप’ म्हणतात. पहिले कोष्टक चालकाची इच्छा वाचते: पाय पूर्ण दाबला आहे, तेव्हा समजा एका फवाऱ्याला चाळीस मिलिग्रॅम डिझेल हवे. परंतु ही मागणी थेट मंजूर होत नाही. हवा मोजणारा सेन्सर सांगतो की टर्बो अजून सुस्त असल्याने सिलिंडरात शिरलेली हवा तूर्त निम्म्याच डिझेलाला पुरेल. त्यावरून धूर-मर्यादेचे कोष्टक मागणीला कात्री लावते आणि वीस-बावीस मिलिग्रॅमच सुटते. डिझेल कमी म्हणून निकासाचा वायू कमी, वायू कमी म्हणून टर्बो मंद, टर्बो मंद म्हणून हवा कमी. हे दुष्टचक्र फेऱ्याफेऱ्याने सुटत जाते आणि दोन हजारांच्या आसपास सगळी कुलुपे एकदम उघडतात. दोन हजार फेऱ्यांना चार सिलिंडर मिळून सेकंदाला सहासष्टांहून अधिक वेळा ज्वलन होते, आणि त्या प्रत्येक वेळी ही मागणी, छाननी आणि मंजुरी नव्याने पार पडते, हे ध्यानात घेतले म्हणजे या पेटीविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. आमच्या कोणत्याही कचेरीत इतक्या तातडीने अर्ज निकालात निघाल्याचे ऐकिवात नाही.

रिमॅप करणारा माणूस या कोष्टकांतील आकडे बदलतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या जोडणीतून लॅपटॉपवर मूळ फाइल उतरवून घ्यावयाची, इंधनाची, टर्बोच्या दाबाची, फवाऱ्याच्या वेळेची आणि एकूण पिळावर घातलेल्या कमाल मर्यादेची कोष्टके सुधारावयाची, आणि सुधारलेली फाइल परत आत लिहावयाची; काही नव्या संगणकांना हे बाहेरून मान्य नसते, तेव्हा पेटी काढून टेबलावर घ्यावी लागते. लिहिण्याचे काम चालू असताना गाडीची बॅटरी बसली तर संगणक अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत मरून पडू शकतो, म्हणून जाणकार माणूस बॅटरीला चार्जर जोडून ठेवतो. भारनियमनाच्या वेळापत्रकावर एक नजर टाकून मगच आमच्याकडे हे काम हाती घ्यावे, हे वेगळे सांगावयास नको.

विक्रेते बहुधा पंचवीस टक्क्यांच्या आसपास वाढ सांगतात आणि टर्बो इंजिनाच्या बाबतीत ती अशक्य कोटीतील नसते. ही वाढ येते कोठून, हा या लेखांकाचा खरा विषय आहे. ती येते कारखान्यातील अभियंत्याने जाणूनबुजून राखून ठेवलेल्या अंतरातून. लहान टर्बोचे चक्र मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेते. डिझेल इंजिनातील त्याच्या पात्यांवर आदळणारा वायू सातशे-आठशे अंशांपर्यंत तापलेला असतो. क्लच ठराविक पिळापुरताच बनविलेला असतो. या सर्वांची अंतिम सीमा आणि विकल्या गेलेल्या गाडीची रोजची मजल यांच्यामध्ये अभियंता काही जागा मोकळी ठेवतो, कारण त्याला गाडी कोण चालवील, कोठे चालवील आणि किती निष्काळजीपणाने चालवील हे माहीत नसते. ग्राहकाला ही जागा कृपणपणाची वाटते. ती अंशतः व्यापारी हिशेबाचीही असते, हे मी नाकारणार नाही; एकाच इंजिनाच्या दोन ताकदी दोन किमतींना विकणे हा मोटारधंद्यातला जुना रिवाज आहे. परंतु मोठा भाग हवामानाचा, इंधनाचा आणि माणसाच्या स्वभावाचा असतो.

आणि येथेच भोकरचा माणूस पुण्याच्या माणसापेक्षा निराळ्या परिस्थितीत असतो. पंधरा अंश तपमानाला हवेची जी घनता असते ती पंचेचाळीस अंशांना नऊ टक्क्यांहून अधिक घटते. म्हणजे आमच्या मे महिन्याच्या दुपारी तेवढाच प्राणवायू मिळविण्यासाठी टर्बोला अधिक राबावे लागते, आणि दाबलेली हवा मुळातच अधिक तापलेली निघते. त्यात काळ्या मातीची उन्हाळी धूळ एअर फिल्टरात साचते, मळणीच्या दिवसांत तो फिल्टर कोणी वेळेवर बदलीत नाही, आणि कधीकधी डिझेल कॅनमधून येते, ज्याच्या तळाशी पाण्याचा थर आहे की नाही हे ओतणाऱ्यालाही ठाऊक नसते. कारखान्याने राखलेल्या त्या अंतराचा बराचसा भाग आमचा उन्हाळा आणि आमची धूळ यांनी आधीच खर्ची टाकलेला असतो. पावसाळ्यानंतरच्या थंड सकाळी, नव्या फिल्टरवर मोजलेली पंचवीस टक्के वाढ मेमध्ये हिमायतनगरच्या रस्त्यावर ट्रॅक्टरला ओलांडताना कोणाच्या जिवावर उभी राहते, याचा विचार फाइल विकणारा सहसा करीत नाही.

म्हणून माझे मत असे की ज्याला फेरफार करावयाचाच आहे त्याने शिखरावरची अश्वशक्ती मागू नये; चौदाशे ते एकोणीसशे फेऱ्यांमधला तो कोरडा पट्टा सुधारून मागावा. तेथे फेरे कमी, एकूण उष्णता कमी, टर्बोही आपल्या सीमेपासून दूर. धूर-मर्यादेची कात्री किंचित सैल केली आणि टर्बोला थोडे लवकर जागे केले तर गाडी गावातल्या वर्दळीत आणि ओव्हरटेकच्या वेळी पुष्कळ सुसह्य होते. अतिरेक मात्र तेथेही नको, कारण कमी फेऱ्यांना अवाजवी पीळ दिला की भार थेट कनेक्टिंग रॉडवर आणि क्लच प्लेटवर येतो. ‘अ‍ॅव्हरेज वाढेल’ हे आश्वासन मात्र जपून घ्यावे. पाय पूर्वीइतकाच हलका राहिला तर थोडेबहुत वाढते. पण वाढलेली ताकद हाती आल्यावर हलका राहणारा पाय मी फारसा पाहिलेला नाही.

रिमॅपचा एक स्वस्त चुलतभाऊ ‘ट्यूनिंग बॉक्स’ या नावाने मिळतो. ही डबी संगणकातील एकही आकडा बदलीत नाही. डिझेलच्या नळीतील दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेत ती बसते आणि खरा दाब असतो त्याहून कमी असल्याची खोटी वर्दी संगणकाला देते. संगणक बिचारा दाब वाढवितो, प्रत्येक फवाऱ्यात डिझेल अधिक जाते, आणि धूर-मर्यादेच्या कोष्टकाला त्याची गंधवार्ताही नसते. काळ्या धुराचा लोट सोडीत चढ चढणारी गाडी दिसली की पुष्कळदा या डबीचा संशय घ्यावा. काढून टाकणे सोपे, एवढाच तिचा गुण.

पेट्रोलवरच्या लहान टर्बो गाड्यांचे, म्हणजे रांजणगावलाच तयार होणारी १२०० घन सेंटिमीटरची नेक्सॉन किंवा चाकणला तयार झालेली पोलो जीटी यांचे, दुखणे वेगळे. तेथे शत्रू नॉकिंग. मिश्रण ठिणगीच्या आज्ञेवाचून आपोआप पेटू लागले की पिस्टनवर घाव बसतात. संगणक ते सेन्सरने ऐकतो आणि ठिणगी मागे ओढतो, अर्थात ताकद घटवितो. उत्तम पेट्रोलवर बेतलेली फाइल साध्या पेट्रोलवर चालविली तर संगणक सदैव मागे ओढण्यातच गुंतून राहतो आणि पैसे देऊन विकत घेतलेले घोडे उन्हाळ्यात परत तबेल्यात जातात. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले आहे, ज्यातले काही आमच्याच उसातून निघते याचा मराठवाड्याला अभिमान वाटावा. इथेनॉल नॉकिंगला चांगला प्रतिकार करते, पण त्याची ऊर्जा कमी असल्याने मिश्रणात इंधनाचे प्रमाण वाढवावे लागते. तेव्हा फाइल कोणत्या इंधनावर बेतली आहे हे विचारणे अगत्याचे. जुन्या १२०० सीसीच्या पोलो जीटीत आणखी एक मर्यादा आहे: तिच्या सात गतींच्या कोरड्या क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची क्षमताच २५० न्यूटन-मीटरची.

नुसते आकडे काय करू शकतात याचा जगाला मिळालेला सर्वांत मोठा दाखला पोलो बनविणाऱ्या कंपनीचाच आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील संगणक प्रदूषण-चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरती सभ्य कोष्टके वापरीत आणि रस्त्यावर येताच दुसरी. आपल्याकडे पुण्याच्या ‘एआरएआय’ने, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेल्या वाहनसंशोधन संस्थेने, तपासणी केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने भारतातील ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. दुरुस्ती मुख्यतः कसली? संगणकातील फाइल बदलण्याची. इंजिन तेच, टर्बो तोच, आणि सायलेन्सरमधून निघणारी हवा वेगळी! त्यामुळे ‘रिमॅपने प्रदूषणात काही फरक पडत नाही’ असे जो विक्रेता बेलाशक सांगतो, त्याच्या पुढच्या विधानांवरही माझा विश्वास बसत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशील आणि उत्पादकाने ठरविलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने नव्या स्वरूपात आलेले कलम १८२-अ बेकायदा बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, फर्मावते. संगणकातील आकडा आरटीओच्या डोळ्यांना दिसत नाही, हा युक्तिवाद मी ऐकला आहे. अपघातानंतर विमा कंपनीच्या तज्ज्ञाला मात्र तो दिसू शकतो. प्रदूषण आवरणारी ईजीआर यंत्रणा बंद करून देणारा किंवा नव्या डिझेल गाडीतील काजळी गाळणारा डीपीएफ ‘पोकळ’ करून देणारा भेटला तर नमस्कार करून निघावे.

एवढे ऐकूनही ज्याचे मन पुढेच धावते, त्याने आधी गाडी निरोगी करावी: फिल्टर, इंजेक्टरांची तपासणी, टर्बोच्या नळ्यांची गळती, क्लच. फाइल लिहिण्यापूर्वी आणि लिहिल्यानंतर, शक्य तर ताकद मोजणाऱ्या डायनोवर, मोजमाप करून दोन्ही आलेख हाती मागावेत, आणि तपमान व हवेचा दाब काय होता हे त्यांवर नोंदवून घ्यावे. मूळ आणि सुधारलेल्या अशा दोन्ही फाइलींची एकेक प्रत स्वतःच्या ताब्यात ठेवावी, कारण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नित्याच्या सर्व्हिसिंगला गेलेल्या गाडीचा संगणक अद्ययावत केला गेला की पैसे मोजून करविलेला फेरफार एका क्षणात पुसला जातो; आणि गाडी पुढे कोणाला विकली तर घेणाऱ्याला बदलाची कल्पना देऊन मूळ फाइलची प्रत आरसी बुकासोबतच त्याच्या हवाली करावी.