रोगाचे नाव कळायला लागलेले तीन महिने

डिसेंबर २०१३. पश्चिम आफ्रिकेतील गिनी या देशाच्या जंगलपट्ट्यात मेलियांडू नावाचे छोटे खेडे आहे. तिथे एक लहान मूल आजारी पडून दगावले. पाठोपाठ घरातली आणखी माणसे गेली, मग त्यांची शुश्रूषा करणारे. जानेवारीत गावच्या आरोग्य केंद्राने वरिष्ठांना कळवले. पथक आले, काही नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, जिवाणू दिसले आणि कॉलऱ्याचा संशय नोंदवला गेला. मृत्यू मात्र थांबले नाहीत. अखेर मार्च २०१४ मध्ये रक्ताचे नमुने विमानाने युरोपात गेले आणि फ्रान्समधील लियाँ शहरातील प्रयोगशाळेने उत्तर दिले: इबोला.

रोगाचे नाव कळेपर्यंत तीन महिने उलटले होते. तेवढ्या काळात विषाणू गावागावांत पसरला आणि सीमेपलीकडे लायबेरिया व सिएरा लिओनमध्येही पोहोचला. ही साथ संपली तेव्हा २८ हजार ६०० हून अधिक लोकांना लागण झालेली होती आणि ११ हजार ३०० हून अधिक माणसे मरण पावली होती. या हानीला कारणे अनेक होती, पण पहिले कारण साधे होते. रोग ओळखू शकेल अशी प्रयोगशाळा जवळपास नव्हती.

निदान नाही, तर उपाय कोणता?

ताप मलेरियाचा, टायफॉइडचा, डेंग्यूचा की आणखी कशाचा, हे सुरुवातीला नुसत्या लक्षणांवरून सांगणे अनुभवी डॉक्टरलाही कठीण जाते. तपासणीची सोय नसेल तर उपचार अंदाजाने होतात. रुग्णाला नको ती अँटिबायोटिक्स दिली जातात, जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात आणि खरा आजार वाढत राहतो. साथीच्या वेळी तर याची किंमत साऱ्या समाजाला मोजावी लागते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार जगातील ४७ टक्के लोकसंख्येला रोगनिदानाच्या सोयी जवळपास मिळतच नाहीत. लसी आणि औषधांसाठी जगभर निधी उभा राहतो. रक्ताची बाटली आणि सूक्ष्मदर्शक मात्र बातमीत येत नाहीत.

नेमक्या या दुर्लक्षित कामात ‘फोंदासियाँ मेरियू’ अर्थात मेरियू फाउंडेशन ही फ्रान्समधील धर्मादाय संस्था उतरलेली आहे. मार्सेल मेरियू हे लुई पाश्चर यांच्या परंपरेत शिकलेले शास्त्रज्ञ. त्यांनी १८९७ मध्ये लियाँमध्ये प्रयोगशाळा काढली. त्यांचे चिरंजीव डॉ. शार्ल मेरियू यांनी वडिलांच्या स्मरणार्थ १९६७ मध्ये या संस्थेची स्थापना केली. गिनीतील नमुने जिथे तपासले गेले, ती अतिसुरक्षित प्रयोगशाळा शार्ल मेरियू यांच्याच पुढाकाराने १९९९ मध्ये उभी राहिली होती.

पण हजारो किलोमीटर दूर लियाँमध्ये उत्तम प्रयोगशाळा असून भागत नाही, ती रुग्णाच्या जवळ हवी. मालीची राजधानी बामाको इथे २००५ मध्ये शार्ल मेरियू यांच्या नावाचे संसर्गजन्य रोग केंद्र सुरू झाले. हैती, कंबोडिया, लाओस, मादागास्कर, बांगलादेश अशा देशांतही संस्थेने स्थानिक संस्थांच्या साथीने प्रयोगशाळा उभारल्या.

यंत्र देणे सोपे

गरीब देशांतील प्रयोगशाळांत एक दृश्य हमखास दिसते. कोपऱ्यात झाकून ठेवलेले, देणगीत आलेले महागडे यंत्र. यंत्र फुकट मिळते, पण त्याला लागणारी रसायने दर महिन्याला विकत घ्यावी लागतात. काही यंत्रे तर एकाच कंपनीची रसायने स्वीकारतात. ही रसायने बहुधा दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागतात. वीज गेली, फ्रिज बंद पडला की साठा वाया. विजेच्या चढउताराने यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस परदेशातून यावा लागतो. शिकलेला तंत्रज्ञ चांगल्या पगारासाठी शहर सोडून जातो. म्हणजे प्रयोगशाळा ही इमारत किंवा यंत्र नसते. माणसे, वीज, पुरवठा, दुरुस्ती आणि नोंदी यांची ती साखळी असते. एक कडी निसटली की सगळे ठप्प.

हे ओळखून मेरियू फाउंडेशनने २००९ मध्ये ‘रेसाओलॅब’ हे पश्चिम आफ्रिकेतील प्रयोगशाळांचे जाळे विणायला सुरुवात केली. पहिल्या टप्प्यात बुर्किना फासो, माली आणि सेनेगल, तर दुसऱ्या टप्प्यात बेनिन, गिनी, नायजर आणि टोगो असे सात देश त्यात आले. जाळ्याची सूत्रे त्या-त्या देशाच्या आरोग्य मंत्रालयांसोबत चालवायची, हा त्यातला महत्त्वाचा भाग. तंत्रज्ञांचे प्रशिक्षण, प्रयोगशाळांच्या नोंदींसाठी ‘लॅबबुक’ नावाचे मोफत सॉफ्टवेअर आणि गुणवत्तेची बाहेरून तपासणी ही कामे त्यातून होतात.

यातली शेवटची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. ज्यांचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे नमुने एखादी मध्यवर्ती संस्था प्रयोगशाळांना पाठवते, पण उत्तर सांगत नाही. प्रयोगशाळेने ते तपासून निकाल कळवायचा. चूक निघाली तर शिक्षा नाही. चूक कुठे झाली ते शोधून प्रशिक्षण दिले जाते. चुकीचा अहवाल हा अहवाल नसण्यापेक्षा घातक ठरू शकतो, म्हणून ही परीक्षा वारंवार घ्यावी लागते.

गिनीची दुसरी परीक्षा

जानेवारी २०२१ च्या अखेरीस गिनीच्या त्याच जंगलपट्ट्यात एका परिचारिकेचा मृत्यू झाला. तिच्या दफनविधीला गेलेल्या काहींना ताप, उलट्या आणि रक्तस्राव सुरू झाला. या वेळी नमुने देशातच, मेलियांडूजवळच्या गेकेडू शहरातील प्रयोगशाळेत तपासले गेले. १४ फेब्रुवारीला सरकारने इबोलाची साथ जाहीर केली आणि त्याच महिन्यात लसीकरण सुरू झाले. १९ जूनला साथ संपल्याची घोषणा झाली, तेव्हा एकूण रुग्ण होते २३ आणि मृत्यू १२.

हे श्रेय कोणत्याही एका संस्थेचे नाही. पहिल्या साथीनंतर अनेक देशांनी आणि संस्थांनी गिनीला प्रयोगशाळा उभारायला मदत केली होती. शिवाय आता हाताशी लस होती. पण लस टोचायची कुणाला, हे ठरवायला आधी रोगाचे नाव कळावे लागते. पहिल्या वेळी त्याला तीन महिने लागले होते, या वेळी काही आठवडेच.

पुण्याचा धडा

अशा मदतीबद्दल एक प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. देणगीदाराने हात काढून घेतला तर पुढे काय? त्याचे एक उत्तर महाराष्ट्रात सापडते. अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. पाचच वर्षांत त्याची कसोटी लागली. १९५७ मध्ये आजच्या कर्नाटकातील शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, गावकरी तापाने फणफणले. आशियात कधीच न आढळलेला पीतज्वर इथे शिरला की काय, अशी भीती होती. पुण्यातील शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा नव्हता. गोचिडींमार्फत पसरणारा तो पूर्णपणे नवा विषाणू होता. गोवा आणि सिंधुदुर्गात गेल्या काही वर्षांत ‘माकडताप’ म्हणून ओळखला जाणारा आजार तो हाच.

कालांतराने रॉकफेलर फाउंडेशनची मदत थांबली, पण केंद्र थांबले नाही. त्याचा सारा भार देशाने उचलला. १९७८ मध्ये ते राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजेच ‘एनआयव्ही’ झाले. ३० जानेवारी २०२० रोजी देशातील पहिल्या करोना रुग्णाचे निदान याच संस्थेने केले आणि तिच्या पाठबळावर जूनअखेरपर्यंत देशातील चाचणी प्रयोगशाळांची संख्या हजारावर गेली.

पुण्यातल्या केंद्राची सुरुवात परदेशी पैशाने झाली, पण ते टिकले ते दरवर्षीच्या सरकारी तरतुदीने आणि साथ नसतानाही रोज कामावर येणाऱ्या माणसांमुळे. बामाको असो, गेकेडू असो की एखाद्या जिल्हा रुग्णालयातील छोटी लॅब, प्रयोगशाळेची खरी परीक्षा साथ येते त्या दिवशी होते. तयारी मात्र त्याआधीच्या शांत वर्षांत करावी लागते आणि नेमकी त्याच वर्षांत तिच्या खर्चाला कात्री लावण्याचा मोह सर्वांत मोठा असतो.