कर्जखतांचा धडा
पैशाचं शहाणपण शिकायला शिरूर-दौंडच्या वाचकाला लांब जायला नको. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर उठले आणि ते लोण भीमथडीभर व शिरूरकडे पसरलं. आजचा दौंड तेव्हा भीमथडीतच होता. लोकांचा मुख्य रोख कर्जखतांवर होता. खतं हाती लागली की ती जाळली जात. न वाचता अंगठा उठवलेला कागद जमीन गिळतो, हे त्यांनी सोसलं होतं. या उठावानंतर आलेल्या 1879च्या कायद्याने खत निबंधकासमोर करणं, पावती आणि हिशेब देणं बंधनकारक केलं.

जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ याच काळातला, जरूर वाचावा. बाबूराव पेंटरांनी 1925मध्ये ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला, 1936मध्ये त्याचाच बोलपट. जमीन गेलेला शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो, ही त्याची गोष्ट.

आजही ‘महिना शेकडा तीन’ ऐकायला किरकोळ वाटतं. पण 10,000 रुपयांवर दरमहा व्याज मुद्दलात मिळत गेलं, तर वर्षाअखेर देणं सुमारे 14,258 होतं. सहीआधी हा हिशेब स्वतः कागदावर मांडावा आणि दिलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती जपून ठेवावी.