प्रेम होतं, तरीही...

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की घराघरांतलं वेळापत्रकच बदलतं. शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेची मॅच असली की दुपारची जेवणं लवकर उरकायची आणि संध्याकाळी पोरं कोणत्या चेहऱ्यानं घरात शिरतात, त्यावरून निकाल ओळखायचा. आमच्या घरात तर हे जरा जास्तच. माझ्या धाकट्या जावेचा मुलगा संघात गोलकीपर आहे.

गेल्या हंगामातली गोष्ट. एका गोलनं मॅच गेली. शेवटच्या मिनिटांत साधाच चेंडू याच्या हातातून निसटला होता. घरी आला तो थेट माळ्यावरच्या खोलीत. 'अरे, खेळात हार-जीत चालायचीच' हे आमचं ठरलेलं वाक्य आम्ही सगळ्यांनी खालूनच म्हणून घेतलं. रात्री मी ताट घेऊन वर गेले, तर अंधारात बसलेला.

"काकू, आमच्या फॉरवर्डनं आज चार सोपे गोल घालवले. त्याला कोण काय म्हणालं? माझ्या हातनं एक सुटला, तर गॅलरीतनं आईवरनं शिव्या."

मी गप्पच झाले. इतकी वर्षं मॅचेस बघतोय, पण हे कधी लक्षातच आलं नव्हतं. बाकीचे दहा जण चुकतात आणि पळत पुढे जातात. गोलकीपरची चूक मात्र फळ्यावर लिहिली जाते. त्याचा शर्टही वेगळ्या रंगाचा. सव्वासात मीटरहून जास्त रुंद आणि जवळजवळ अडीच मीटर उंच अशा त्या चौकटीत तो एकटाच उभा. पेनल्टीला ११ मीटरवरून मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत त्याच्यापर्यंत पोचतो. अडवला तर 'त्याचं कामच आहे ते', आणि नाही अडवला तर...

मग तोच म्हणाला, "काकू, तू एन्केचं पुस्तक वाच. तुझ्या केंद्रात उपयोगी पडेल."

रॉबर्ट एन्के. जर्मनीचा गोलकीपर. त्याच्या एका पत्रकार मित्रानं लिहिलेलं त्याचं चरित्र. बी.ए.ला घेतलेल्या इंग्रजीच्या जोरावर आणि शेजारी डिक्शनरी ठेवून मी दुपारच्या वेळात ते वाचून काढलं. शेवटची पानं वाचताना गॅसवरचं दूध उतू गेलेलंही मला कळलं नाही.

रॉबर्टचा जन्म २४ ऑगस्ट १९७७ चा, तेव्हाच्या पूर्व जर्मनीतल्या येना शहरातला. बर्लिनची भिंत पडली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. खेळाच्या शाळेत त्याला टेरेसा भेटली. तीही खेळाडूच. पुढे हीच त्याची बायको. १९९६ मध्ये तो मोन्शेनग्लाडबाखच्या क्लबमध्ये गेला आणि १९९८ मध्ये तिथला पहिला गोलकीपर झाला. वय अवघं एकवीस. त्या वर्षी लागोपाठच्या दोन सामन्यांत त्याच्यावर आधी आठ आणि मग सात गोल झाले. संघच कमकुवत होता, पण जाळ्यातून चेंडू काढायला वाकावं लागतं ते गोलकीपरलाच!

१९९९ मध्ये तो पोर्तुगालच्या बेनफिका क्लबकडून खेळायला लिस्बनला गेला. तिथली तीन वर्षं छान गेली. तो संघाचा कॅप्टन झाला, लोकांचा लाडका झाला. नवरा-बायको दोघांनाही प्राण्यांचा लळा. रस्त्यावरची बेवारस कुत्री उचलून घरी आणायची आणि त्यांना वाढवायची, हा त्यांचा छंद होता.

मग २००२ मध्ये बार्सिलोनाचं बोलावणं आलं. एवढा मोठा क्लब! पण एका चषक स्पर्धेत नोव्हेल्दा नावाच्या छोट्याशा संघानं बार्सिलोनाला ३-२ असं हरवलं. गोलमध्ये रॉबर्ट होता. संघातल्याच वरिष्ठ खेळाडूनं जाहीरपणे त्याच्याकडे बोट दाखवलं. त्यानंतर वर्षभर तो बहुतेक बाकावरच बसून राहिला. पुढच्या वर्षी तुर्कस्तानच्या फेनरबाचेकडे गेला. पहिलाच सामना घरच्या मैदानावर, आणि तो ३-० नं हरला. स्वतःच्याच संघाच्या प्रेक्षकांनी त्याच्यावर बाटल्या आणि लायटर फेकले. रॉबर्टनं करार सोडला आणि तो परतला. काही महिने त्याच्या हातात कामच नव्हतं.

याच काळात, २००३ मध्ये, त्याला पहिल्यांदा नैराश्याच्या आजारानं गाठलं. सकाळी उठवत नाही, साधा निर्णय घेता येत नाही, कशातच राम वाटत नाही. त्यानं मानसोपचारतज्ज्ञाकडे उपचार घेतले आणि तो बरा झाला, हे मुद्दाम सांगते. २००४ च्या सुरुवातीला स्पेनमधल्या तेनेरिफेच्या दुसऱ्या श्रेणीतल्या संघाकडून तो पुन्हा उभा राहिला आणि त्याच वर्षी जर्मनीत हॅनोव्हरला आला.

त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली. लारा. जन्मतःच हृदयात गंभीर दोष. छोट्याशा जिवावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. हॉस्पिटल, मैदान, घर, पुन्हा हॉस्पिटल असं त्या दोघांचं आयुष्य झालं होतं. सप्टेंबर २००६ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर लारा गेली. दोन वर्षांची होती. त्यानंतर आठवड्याच्या आत रॉबर्ट पुन्हा गोलमध्ये उभा होता.

मला वाटलं, इथेच तो कोलमडला असणार. पण तसं झालं नाही. तो खेळत राहिला, २००७ मध्ये हॅनोव्हरचा कॅप्टन झाला, त्याच वर्षी जर्मनीच्या राष्ट्रीय संघाकडून पहिला सामना खेळला. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीच्या गोलमध्ये तोच उभा राहील, असं बोललं जात होतं. मे २००९ मध्ये त्यांनी दोन महिन्यांची मुलगी दत्तक घेतली. तिचं नाव लायला.

आणि सगळं असं मार्गी लागलेलं असताना, त्याच वर्षी उन्हाळ्यात आजार परत आला.

मैत्रिणींनो, मी इथे पुस्तक मिटून ठेवलं. कारण 'काय कमी आहे त्याला? सगळं तर आहे!' हे वाक्य मी किती जणांबद्दल, किती वेळा बोलले असेन! आपल्याला वाटतं, दुःखाला कारण लागतं. दुःखाला लागतंही. पण नैराश्य हा आजार आहे. शुगर जशी पगार बघून वाढत नाही, तसा हाही घरातलं सुख मोजून येत नाही. ताणानं तो बळावतो, हे खरं. पण एकच कारण शोधून 'याच्यामुळे झालं' म्हणायला गेलं तर आपण हमखास चुकतो.

त्या शरद ऋतूत रॉबर्ट बरेच सामने खेळू शकला नाही. लोकांना कारण सांगितलं गेलं ते जंतुसंसर्गाचं. खरं कारण टेरेसाला, डॉक्टरांना आणि अगदी मोजक्या माणसांना ठाऊक होतं. ती त्याच्याबरोबर सरावाला जायची. फुटबॉल म्हणजे सगळं आयुष्य नव्हे, यातून मार्ग निघेल, असं सांगत राहायची. पण हॉस्पिटलमध्ये दाखल होऊन उपचार घ्यायला तो तयार होईना. त्याला दोन भीती होत्या. एक, लोकांना कळलं तर खेळ संपला. आणि दुसरी त्याहून मोठी : आजारी बापाच्या घरातून लायलाला परत नेलं तर?

एक मुलगी गमावलेला बाप दुसरीला गमवायच्या भीतीनं तोंड मिटून बसला.

८ नोव्हेंबर २००९ ला तो हॅम्बुर्गविरुद्ध खेळला. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. पाहणाऱ्यांना काही वेगळं जाणवलं नाही. दोन दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्यानं आपलं आयुष्य संपवलं. वय ३२.

दुसऱ्याच दिवशी टेरेसा पत्रकारांसमोर येऊन बसली. शेजारी रॉबर्टचे डॉक्टर. तिला ते टाळता आलं असतं. दार लावून घेता आलं असतं, कुणी दोष दिला नसता. पण इतकी वर्षं जे झाकलं, ते तिनं स्वतःच्या तोंडानं जगाला सांगितलं. आम्हांला वाटलं होतं की प्रेमाच्या बळावर आम्ही निभावून नेऊ, पण ते नेहमीच जमतं असं नाही, अशा अर्थाचं ती बोलली.

हे वाचलं आणि मला आमच्या केंद्रातली ती दुपार आठवली.

आमच्या महिला मंडळाचं छोटंसं सल्ला केंद्र आहे. काही वर्षांपूर्वी तिथं एक बाई आली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खालमानेनं बसलेली. नवऱ्याचं दुकान. तीन महिने तो दुकानात जात नव्हता, रात्र रात्र जागा असायचा, मुलांशीही बोलायचा नाही. "गावाला सांगितलंय, पाठ धरलीय म्हणून," ती म्हणाली. आणि मी, केंद्रात दहा वर्षं काम केलेली बाई, तिला काय म्हणाले असेन? "त्यांना जरा जोतिबाला घेऊन जा, माणसांत ने. तू खंबीर राहा. तुझ्या मायेनं सगळं ठीक होईल बघ."

ती गेली आणि खंबीर राहिली. आणखी पाच महिने एकटीनं खंबीर राहिली. दुकान उघडायची, मुलांचे डबे करायची, सासूला काहीतरी सांगायची, रात्री त्याच्याबरोबर जागायची. पाच महिन्यांनी तिच्या भावानं त्याला ओढून डॉक्टरांकडे नेलं. औषधं सुरू झाली, बोलणं सुरू झालं, आणि आज तो माणूस गल्ल्यावर बसतो. भेटला की हसतो. मला मात्र त्याच्या नजरेला नजर द्यायला जड जातं. ते पाच महिने माझ्या खात्यावर आहेत. काही बरंवाईट झालं असतं तर?

तिनं मला सोबत मागितली नव्हती, वाट विचारली होती. मी तिच्याच खांद्यावर आणखी ओझं ठेवून तिला घरी पाठवलं. आपल्याकडे घरातल्या पुरुषाचा आजार झाकायचं काम नेहमी बाईकडेच येतं. 'पाठ धरलीय', 'पित्त झालंय', 'कामाचा ताण आहे'... अशी किती पांघरुणं आपण घालतो! त्याची लाज तीही पांघरते. टेरेसानं तेच केलं होतं. जर्मनी काय आणि मंगळवार पेठ काय!

प्रेम नको असं कोण म्हणेल? प्रेमानं माणूस डॉक्टरच्या दारापर्यंत येतो, औषधाची वेळ पाळतो. पण प्रेम म्हणजे औषध नव्हे. हाड मोडलं तर आपण 'मायेनं जुळेल' म्हणून बसत नाही, प्लॅस्टर घालायला नेतो आणि मग घरी आणून माया करतो.

१५ नोव्हेंबरला हॅनोव्हरच्या स्टेडियमवर रॉबर्टला निरोप द्यायला जवळपास ४० हजार माणसं जमली. जानेवारी २०१० मध्ये त्याच्या नावानं संस्था सुरू झाली. जर्मन फुटबॉल महासंघ, तिथली लीग आणि हॅनोव्हर क्लब यांनी मिळून ती काढली आणि टेरेसा तिची अध्यक्ष झाली. नैराश्य आणि लहान मुलांचे हृदयविकार ही संस्थेची दोन कामं. एक नवऱ्यासाठी, एक लारासाठी.

अशीच एक दुसरी गोष्ट, वेगळा शेवट असलेली. इटलीचा जानलुईजी बुफॉन, तोही गोलकीपर. २००३-०४ च्या सुमारास त्यालाही नैराश्यानं गाठलं होतं. त्यानं मदत घेतली, बरा झाला आणि २००६ मध्ये इटलीनं विश्वचषक जिंकला तेव्हा गोलमध्ये तोच होता. पुढे आत्मचरित्रात त्यानं हे सगळं मोकळेपणानं सांगितलं. एकाच वर्षात दोघांनाही हाच आजार झाला होता. दोघंही उपचारानं सावरले होते. म्हणजे वाट असते. दुसऱ्यांदा आजार आला तरी असते. ती लाजेनं बुजू द्यायची नाही, एवढंच.

पुस्तक वाचल्यानंतर आमच्या केंद्रात मी एक बदल केला. भिंतीवर मोठ्या अक्षरांत १४४१६ हा आकडा लावला. टेली-मानस ही सरकारची हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टरही भेटतात. आता कुणी 'ते बोलत नाहीत, झोपत नाहीत' म्हणून आलं, की मी आधी विचारते, "किती दिवस झाले? डॉक्टरांना कधी दाखवू या?" आणि हो, 'मरावंसं वाटतं का' हेही सरळ विचारते. पूर्वी वाटायचं, विचारल्यानं नसलेलं मनात येईल. तसं होत नाही. विचारल्यावर माणसाला हायसं वाटतं, की चला, कुणीतरी ओळखलं. आणि उत्तर 'हो' आलं, तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि उद्यावर ढकलायचं नाही.

आणि आमचा गोलकीपर? त्या रात्री त्यानं भाकरी खाल्ली, दुसऱ्या दिवशी सरावाला गेला. त्याचं ते एका मॅचचं दुःख होतं, आजार नव्हे. पण परवा पुस्तक परत द्यायला माळ्यावर गेले तेव्हा त्याला म्हटलं, "हे बघ, गोल सुटला तर सुटू दे. पण कधी सकाळी उठावंसंच वाटेना झालं, तर कुणाला सांगशील?"

तो हसला. "तुला सांगीन की, काकू."

"आणि मी काय करीन?"

"डॉक्टरकडं नेशील."

"आणि मग?"

"मग भाकरी देशील!"

क्रम बरोबर होता. मी निवांत जिना उतरले.