गच्चीवरची काजळी आणि धोक्याचा हिशेब

उरला, सिलतरा, भनपुरी या रायपूरच्या औद्योगिक पट्ट्यालगत राहणाऱ्यांची तक्रार जुनी आहे: गच्चीवर वाळत घातलेले कपडे काळे होतात. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, कोळसा आणि वाहनांचा धूर, सगळ्यांचा त्यात वाटा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४च्या यादीत रायपूर सर्वाधिक प्रदूषित शहरांत चौथे होते. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी होती घनमीटरमागे १३४ मायक्रोग्रॅम. भारताची मर्यादा ४० आहे. संघटनेची तेव्हा १० होती, २०२१पासून ५.

पण हा आकडा हवेचा झाला. माणसाचं काय?

त्यासाठी जगभर चार पायऱ्यांची पद्धत वापरतात. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने ती १९८३मध्ये मांडली. पदार्थ अपाय काय करतो, किती मात्रेत करतो, ती मात्रा कोणाच्या शरीरात किती काळ जाते आणि या सगळ्यातून एकूण धोका किती ठरतो, हे क्रमाने तपासायचं.

खरी गोम तिसऱ्या पायरीत असते. कपड्यांवर दिसते ती जाड काजळी बरीचशी नाकाघशातच अडते. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण थेट फुप्फुसांच्या तळाशी पोचतात. मोठा माणूस दिवसाला साधारण १६ घनमीटर हवा आत घेतो, पाच वर्षांचं मूल १०. वजन मात्र एकाचं ६० किलो, दुसऱ्याचं १८. म्हणजे एकाच गल्लीत मुलाच्या वाट्याला किलोमागे दुपटीहून अधिक प्रदूषण येतं. भट्टीपाशी अंगमेहनत करणाऱ्या मजुराचा श्वास तर आणखी जोरात चालतो.

शिवाय धूर फक्त चिमणीतून येत नाही. रायपूरच्याच पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी घरगुती इंधन, पूजास्थळं आणि लग्नमंडपांतला धूरही मोजला आहे.

पाण्यालाही हाच हिशेब लागू पडतो. छत्तीसगडमधल्याच अंबागड चौकीजवळच्या कौडीकसा गावात भूजलात आर्सेनिक आहे, तेही खडकातूनच उतरलेलं. पाणी दिसायला स्वच्छ. पण वर्षानुवर्षं प्यायल्याने त्वचेवर डाग आणि गाठी दिसू लागल्या.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात २०१९पासून रायपूर, भिलाई आणि कोरबा आहेत. तिथे यंत्रांवरचे आकडे उतरले, एवढ्यावर समाधान मानणं अपुरं ठरेल. प्रदूषण मंडळाच्या नोंदी आणि वस्तीतल्या दवाखान्यांमधले दम्या-खोकल्याचे केसपेपर शेजारी ठेवून वाचायला हवेत. आणि सुरुवात उरला-सिलतऱ्याच्या मजूरवस्त्यांपासून व्हायला हवी.