झेड-८०ची बदली

गोंदिया शहराला अगदी लागून असलेल्या फुलचूरमध्ये, आमच्या घराच्या माळ्यावर, धानाच्या रिकाम्या पोत्यांआड, माझ्या थोरल्या बंधूंनी विद्यार्थिदशेत पुण्याहून आणलेला दीड वीत लांबीचा एक काळा संगणक कित्येक पावसाळे पडून होता. त्याचे नाव डीबी स्पेक्ट्रम प्लस. क्लाइव्ह सिंक्लेर यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी इंग्लंडात झेडएक्स स्पेक्ट्रम लोकांसमोर ठेवला. १९८४ साली रबरी कळांच्या जागी कठीण कळा बसवून त्याची ‘प्लस’ आवृत्ती निघाली. आणि पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने रीतसर परवाना घेऊन तीच आवृत्ती त्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय घरांच्या आवाक्यात आणली. ४८ किलोबाइटची स्मृती, पडदा म्हणून घरातलाच दूरचित्रवाणी संच आणि दप्तर म्हणून साधा कॅसेट टेपरेकॉर्डर, एवढ्या सरंजामावर दादा रात्र रात्र बेसिक भाषेतील आज्ञावल्या लिहीत असत.

माळ्यावरून उतरवल्यावर हे यंत्र पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले, याचा आनंद जेमतेम आठवडाभर टिकला. पुतण्याने जॉयस्टिकची डबी, वीज चालू असतानाच, पाठीमागून ओढून काढली. स्पेक्ट्रमच्या पाठीवर मुद्रित पट्टीची जी उघडी कडा असते, तिच्यावर प्रोसेसरच्या वाहिन्या जवळजवळ थेट आणलेल्या असतात आणि त्यांच्याच पंगतीत ९ व १२ व्होल्टचा पुरवठाही बसलेला असतो. डबी तिरपी निघाली की पाच व्होल्टवर जगणाऱ्या वाहिनीला क्षणभर बारा व्होल्टचा स्पर्श होतो, आणि तेवढा क्षण पुरतो. पडद्यावर उभे पट्टे उमटले आणि तिथेच थिजले.

अशा प्रसंगी पहिला संशय प्रोसेसरवर जातो, आणि माझ्या मते तिथेच बहुतेक हौशी दुरुस्तीकारांची चूक होते. झेड-८० ही मोठी चिवट चीज आहे. इंटेलमध्ये ४००४ आणि ८०८० या प्रोसेसरांच्या निर्मितीत अग्रभागी असलेले फेडेरिको फॅगिन यांनी १९७४ साली राल्फ उंगरमन यांच्यासह झायलॉग ही कंपनी काढली, जपानी अभियंते मासातोशी शिमा यांची त्यांना साथ मिळाली, आणि १९७६ साली हा चाळीस पायांचा, एकाच पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणारा प्रोसेसर बाजारात आला. स्पेक्ट्रममध्ये त्याच्यापेक्षा कितीतरी आधी दगा देतात त्या तळाच्या १६ किलोबाइट स्मृतीच्या ४११६ जातीच्या आठ चिपा, ज्यांना +५, +१२ आणि −५ असे तीन निराळे दाब लागतात, आणि हे दाब तयार करणाऱ्या मंडलातला एक चिमुकला ट्रान्झिस्टर. म्हणून प्रोसेसरला बडतर्फ करण्यापूर्वी त्याची कैफियत ऐकून घेणे हे दुरुस्ती करणाराचे कर्तव्य आहे.

ती कैफियत पिनांवर नोंदलेली असते. प्रथम तिन्ही दाब मीटरने मोजले. ते बरोबर निघाले. पडद्यावर पट्टे का होईना पण स्थिर चित्र होते, याचा अर्थ चित्र रेखाटण्याचे काम प्रोसेसरच्या मदतीवाचून करणारी यु.एल.ए. ही चिप शाबूत होती. मग झेड-८०च्या ११ क्रमांकाच्या पिनेवर पाच व्होल्ट आहेत, ६ क्रमांकावर ३.५ मेगाहर्ट्झचा ठोका येतो आहे, २६ क्रमांकाची रीसेट वाहिनी वीज देताच क्षणभर खाली राहून वर चढते आहे, आणि त्याला थोपवून धरणाऱ्या २४ व २५ क्रमांकाच्या वाहिन्याही वरच आहेत, हे सगळे पाहून झाल्यावर शेवटी २७ क्रमांकाच्या पिनेवर लॉजिक प्रोब टेकवला. प्रत्येक नवी आज्ञा वाचण्यास घेताना प्रोसेसर या पिनेवर स्पंद देतो. जिवंत झेड-८०ची ही नाडीच म्हणावी. तिथे पूर्ण स्तब्धता होती, आणि चिपेच्या पाठीवर बोट ठेववत नव्हते. हुकूम, वेळ आणि अन्न सर्व वेळेवर मिळूनही जो कामावर रुजू होत नाही, त्याच्याविषयी मग शंका उरत नाही.

चिप पट्टीवर थेट सोल्डर केलेली होती. अशी चिप सबंध उपटण्याचा मोह आवरावा. जुन्या पट्टीवरचा तांब्याचा पातळ थर उष्णतेने सुटतो आणि तो एकदा सुटला की मूळ विकारापेक्षा उपचार महाग पडतो. मृत चिपेचे चाळीसही पाय अंगालगत बारीक कटरने छाटले, एकेक पाय सोल्डरिंग आयर्नने ऊब देऊन चिमट्याने काढला, छिद्रांतले उरलेले कथील पंपाने ओढून घेतले, पट्टी अल्कोहोलने पुसली आणि तिथे चाळीस पिनांचा आय.सी. बेस बसवला, म्हणजे यापुढे बदलीचा प्रसंग आलाच तर आयर्न तापवावे लागणार नाही. या कामात माझी एक सबंध दुपार गेली आणि ती सत्कारणी लागली असे मी मानतो.

नवी चिप मिळवणे अधिक अवघड गेले. टपालाने आलेली पहिली बनावट निघाली. तिच्या पाठीवर ॲसिटोनचा बोळा फिरवताच काळा लेप आणि त्यावरचा शिक्का दोन्ही उतरले. दुसरी नागपूरच्या एका दुकानदाराच्या जुन्या साठ्यात सापडली. ती कमी वीज खाणाऱ्या सीमॉस जातीची होती; एका अलिखित आज्ञेला तिचे उत्तर मूळ चिपेहून वेगळे येते, पण दादांच्या कोणत्याही कॅसेटला त्याने अडचण आली नाही. खाच योग्य दिशेला आहे हे दोनदा पाहून ती बेसमध्ये दाबली, वीज दिली, पडदा क्षणभर काळा झाला, मग पांढरा, आणि तळाशी १९८२ सालाचा तो परिचित स्वामित्वदर्शक मजकूर उमटला. दादा काही बोलले नाहीत. त्यांनी टेपरेकॉर्डर जवळ ओढला.

१९७६पासून अखंड विकला गेलेला स्वतंत्र झेड-८० बनवणे झायलॉगने आता थांबवले आहे; शेवटच्या मागण्या नोंदवण्याची मुदत १४ जून २०२४ रोजी संपली. यापुढे अशा यंत्रांचा निर्वाह शिल्लक साठ्यावर आणि एकमेकांच्या मोडक्या यंत्रांवरच व्हायचा आहे. म्हणून वाचकांना एवढीच विनंती की, आपल्या माळ्यावर असे यंत्र असेल तर ते भंगारवाल्याच्या हवाली करू नये, आणि उत्साहाच्या भरात मिळेल तो अडॉप्टरही जोडू नये: स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा, आतले टोक ऋण असलेला पुरवठा लागतो, आणि आजच्या बहुतेक अडॉप्टरांचे आतले टोक धन असते. यंत्र दुरुस्तीपलीकडे गेलेच असेल, तर निदान त्यातला झेड-८० जपून काढून काळ्या विद्युत्‌वाहक फोममध्ये खोचून ठेवावा.